पिकअप बदलण्याआधी

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मूळचा साताऱ्याचा, आता ह्यूस्टनला असतो. इथल्या एका वयस्कर वादकाकडून दहा तारांची, एका नेकची जुनी पेडल स्टील गिटार विकत घेतली. 1970 च्या दशकातली आहे, ई नाइन ट्यूनिंगची. काही आठवड्यांपासून तिचा आवाज अगदी पातळ झालाय, खर्ज जवळजवळ नाहीच. मधूनच आवाज पूर्ण भरतो आणि पुन्हा जातो. व्हॉल्यूम पेडल हलवलं की करकर ऐकू येते. चौथी तार बाकीच्यांपेक्षा मंद वाजते. गॅरेजमध्ये मल्टिमीटर लावून पाहिला तर आकडा न येता डावीकडे नुसता ‘1’ दिसतो. दुकानात नेली, तर त्यांनी न उघडताच सांगितलं, पिकअप गेलं, नवीन टाका. जुनं पिकअप काढून टाकायला मन घेत नाही. काय करू?
— एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : पिकअप, म्हणजे तारांची थरथर विजेच्या संकेतात बदलणारी चुंबक-कॉइलची जोडी, काढू नका. निदान अजून तरी नाही. तुमच्या पत्रात एक नव्हे, तीन तक्रारी आहेत, आणि तिन्हींचं मूळ एकाच जागी असेल असं मला वाटत नाही. माझं माहेर मिरजेचं. तिथे तंबोरा बसका बोलायला लागला की कुणी भोपळ्याला हात घालत नाही, आधी जवारी पाहतात, तारेखालचा दोरा सरकवून पाहतात. विजेच्या वाद्यालाही मी तोच नियम लावते. जे काढायला सोपं आणि बिघडायला सोपं, ते आधी बघायचं. पिकअप या यादीत शेवटी येतं.

हे वाद्य न पाहिलेल्या वाचकांसाठी थोडं सांगते. आडव्या ठेवलेल्या गिटारीवर पोलादी दांडी फिरवून वाजवायची पद्धत हवाई बेटांवरची. तिचं श्रेय जोसेफ केकुकू यांना दिलं जातं, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा तो काळ. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला जॉर्ज बीचम यांनी तारांखाली कॉइल आणि तारांना वेढणारे नालासारखे चुंबक बसवून तिला विजेचा आवाज दिला. पुढे अमेरिकेत पाय आले, पायाखाली पेडलं आली, गुडघ्यांनी ढकलायचे लिव्हर आले. 1954 च्या सुमारास वादक बड आयझॅक्स यांच्यामुळे, तार वाजत असतानाच पेडलने तिचा स्वर चढवण्याची ती ओढ नॅशव्हिलच्या कंट्री संगीतात घट्ट बसली. पुढे बडी एमन्स, लॉइड ग्रीन या वादकांनी या वाद्याला आज आपण ओळखतो तो आवाज दिला. म्हणजे गिटारीच्या पोटात सळ्या, आस आणि स्प्रिंगांचं मोठं यंत्र असतं, आणि त्या सगळ्याच्या मधून पिकअपची एक बारीक वायर जाते. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचं काम आहे.

करकर आधी संपवू. पेडल स्टील वाजवणारा माणूस उजवा पाय व्हॉल्यूम पेडलवरून सहसा उचलत नाही. त्या पेडलच्या आत बहुधा 500 किलोओहमचं पोटेन्शिओमीटर, म्हणजे रोध कमी-जास्त करणारा फिरता भाग, असतं आणि वादकाचा पाय दिवसेंदिवस त्याच्या एकाच पट्ट्यात वरखाली होत असतो. तेवढाच पट्टा झिजतो. पिकअपची कॉइल काही पेडल हलवल्यावर करकरत नाही. तेव्हा ॲम्प्लिफायरचा आवाज अगदी खाली आणा, व्हॉल्यूम पेडल पूर्ण वगळा आणि खात्रीच्या एका आखूड केबलने गिटार थेट ॲम्पला जोडा. आवाज आधी कमी करायला विसरू नका. पेडलची ढाल गेली की पहिलाच स्वर कानठळ्या बसवू शकतो. करकर गेली तर पेडलचं पोटेन्शिओमीटर बदला, पण व्हॉल्यूम पेडलसाठी म्हणून मिळतं तेच घ्या. रेडिओचं साधं घातलंत तर ते या वापराला फार काळ पुरणार नाही. तात्पुरता इलाज म्हणून विजेच्या उपकरणांसाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर चालतो. दाराच्या बिजागऱ्यांना मारायचं तेल मुळीच फवारू नका, त्यावर धूळ बसून चिखल होतो.

त्याच बैठकीत उलटी परीक्षाही करा. त्याच केबलने, त्याच ॲम्पला दुसरी कुठलीही इलेक्ट्रिक गिटार जोडा. तीही पातळ वाजली तर तुमचं पिकअप निर्दोष आहे. दोष ॲम्पमध्ये किंवा केबलमध्ये. ॲम्प व्हॉल्व्हचा असेल तर तो घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका दाब राहू शकतो.

आता चौथी तार. दहाही तारांखाली कॉइल एकच असते, दहा चुंबकांभोवती गुंडाळलेली. कॉइल तुटली तर दहाही तारांचा आवाज बिघडेल. ती एकट्या चौथीला वगळू शकत नाही. म्हणजे चौथ्या तारेचा प्रश्न वेगळा धरायचा. ई नाइनवर चौथी म्हणजे वरचा ई. रूढ मांडणीत सी पेडल तिला एफ शार्पवर नेतं, एक लिव्हर एफवर चढवतो, दुसरा डी शार्पवर उतरवतो. इतकी ओढाताण झालेली तार लवकर मरते. आधी तीच बदला. वर्षभर जुन्या तारा ठेवून पिकअपला दोष देणारे वादक मला दर हंगामात भेटतात. नव्या तारेनेही फरक पडला नाही तर कागदाला लावायची लोखंडी क्लिप दोऱ्याला बांधा आणि तारा सैल करून प्रत्येक चुंबकाच्या डोक्याजवळ न्या. नऊ ठिकाणी ती झेप घेत असेल आणि चौथ्यावर लोंबकळत असेल तर त्या एका चुंबकाचा जोर गेलाय. जुन्या पिकअपमध्ये असं होतं. त्याला पुन्हा चुंबकत्व देता येतं, त्यासाठी कॉइलला धक्का लावावा लागत नाही. पिकअप एका बाजूला कललेलं नाही ना, तेही याच वेळी पाहून घ्या.

उरला पातळ आवाज. तोच खरा पिकअपचा विषय, आणि त्यातच तुमच्या मीटरच्या ‘1’ चं कोडं आहे.

साध्या सहा तारांच्या गिटारीचं सिंगल कॉइल पिकअप सहा किलोओहमच्या आसपास भरतं. पेडल स्टीलच्या जुन्या सिंगल कॉइल पिकअपमध्ये तार कितीतरी जास्त गुंडाळलेली असते, तिचा रोध बहुधा 15 ते 20 किलोओहम असतो, काहींचा त्याहूनही वर. घरगुती मीटरची नेहमीची पट्टी 20 किलोओहमची. तिच्यावर 19.99 नंतरचा आकडा मावत नाही, आणि मावला नाही की मीटर डावीकडे ‘1’ दाखवतो. तार पूर्ण तुटलेली असली तरी तो तेच दाखवतो. म्हणजे तुमच्या ‘1’ चे दोन अर्थ निघतात, एक तुटलेल्या पिकअपचा आणि दुसरा ठणठणीत पिकअपचा. त्यात तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला साधारण 0.4 टक्क्याने वाढतो. 20 अंशांना 19.3 किलोओहम दाखवणारी कॉइल 35 अंशांना 20 च्या पुढे जाते. ह्यूस्टनच्या उन्हाळ्यातलं गॅरेज याहून गार असेल असं मला वाटत नाही. गिटार घरात आणा, दोन-तीन तास खोलीच्या तापमानाला राहू द्या आणि मीटर 200 किलोओहमच्या पट्टीवर लावा.

मोजायचं कसं तेही सांगते. गिटारीला केबल जोडा, केबलचं दुसरं टोक मोकळं ठेवा. मीटरची एक सुई प्लगच्या टोकाला, दुसरी प्लगच्या दांड्याला. बहुतेक पेडल स्टीलवर आवाजाची किंवा टोनची बटणं नसतात, त्यामुळे मीटरला थेट कॉइल दिसते, काही उघडावं लागत नाही. तुमच्या गिटारीवर बटणं असतील तर त्यांचा रोध मध्ये येईल, मग पिकअपच्या तारांवरच मोजावं लागेल. दोन्ही सुया एकाच वेळी बोटांनी धरू नका. कॉइल तुटलेली असली तरी तुमच्या अंगातून काही शे किलोओहमचा रस्ता तयार होतो आणि मीटर काहीतरी आकडा दाखवून फसवतो. माझ्याकडे मगरजबड्याच्या पकडी आहेत, मी त्याच वापरते.

आता आकडा वाचू. 15 ते 22 च्या दरम्यान स्थिर आकडा आला तर कॉइल अखंड आहे, आणि दुकानदाराचं निदान चुकलं. शून्याच्या जवळ आला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पण तसं असताना आवाज पातळ होत नाही, पूर्ण मरतो. 200 च्या पट्टीवरही ‘1’ च राहिला तर वाट कुठेतरी तुटली आहे. तुटलेल्या कॉइलमधून आवाज येतोच कसा, असा प्रश्न तुम्हाला पडेल. तुटलेली दोन टोकं एकमेकांना जवळजवळ चिकटून असतात, भोवती हजारो फेरे असतात, आणि तेवढ्या फटीत नकळत एक चिमुकला कपॅसिटर तयार होतो. त्यातून वरचे स्वर कसेबसे पार होतात, खर्ज अडतो. तुम्ही लिहिलेलं वर्णन, पातळ आवाज आणि खर्ज नाही, याच्याशी अगदी जुळतं. म्हणून वाट तुटल्याचा संशय मलाही आहे. फक्त ती कॉइलच्या पोटातच तुटली असं मी अजून म्हणत नाही.

कारण तुमचा आवाज परत येतो. पूर्ण मेलेली कॉइल अशी परत येत नसते, म्हणजे तुटलेलं काहीतरी मधूनमधून टेकतंय. आधी जॅक बघा. त्याची चकती सैल झाली की केबल लावता-काढताना सगळा जॅक फिरतो आणि मागच्या वायरींना पीळ पडत जातो. एक दिवस डाख सुटतो. चकती आवळताना आतून जॅक धरून ठेवा, नाहीतर तुम्हीच पीळ द्याल. गिटारीवर पिकअपचा टॉगल स्विच असेल तर तो दहा-वीस वेळा इकडेतिकडे करून बघा, जुन्या स्विचचे संपर्क काळवंडतात.

नंतर गिटार पेटीत उताणी ठेवा, पाय काढून, पोट वर. मीटर जोडलेलाच राहू द्या. आता प्रत्येक पेडलची ओढ आणि प्रत्येक लिव्हर हाताने हळूहळू हलवा आणि डोळे आकड्यावर ठेवा. सुरुवातीला म्हटलेली ती बारीक वायर इथे सापडते. कुणीतरी कधीतरी सळी बदलताना ती आसाखाली अडकवलेली असते, किंवा तिचं आवरण घासून आतली जाळी उघडी पडलेली असते. एखादा लिव्हर दाबताच आकडा शून्यावर आला तर वायर धातूला टेकते आहे. आकडा उडून ‘1’ झाला तर ओढली जाऊन तुटते आहे. मी हाताळलेल्या ‘मेलेल्या’ पिकअपपैकी पुष्कळ याच टप्प्यावर जिवंत झाली आहेत, वीतभर नव्या वायरवर. म्हणून मी इतकी आग्रहाने लिहिते आहे. मूळ पिकअप एकदा काढून कुठे ठेवलं गेलं की परत त्या गिटारीत जात नाही, आणि त्या वाद्याचा स्वभाव बदलतो.

यातूनही काही हाती लागलं नाही तर मग कॉइलकडे वळा. सुया पिकअपमधून निघणाऱ्या दोन टोकांवरच ठेवा, एका टोकाचा डाख सोडवून. आकडा नाहीच आला तर तळहात दहा मिनिटं पिकअपवर ठेवा. उबेने तांबं पसरतं आणि केसाएवढी फट कधीकधी मिटते. आकडा उगवला तर कॉइल आतून तुटल्याचं पक्कं. हेअर ड्रायरने मात्र तापवू नका, जुनं प्लॅस्टिक वाकतं.

आतली तार 42 किंवा 43 गेजची असते, म्हणजे जेमतेम 0.06 मिलिमीटर. ती बहुधा दोन्हींपैकी एका टोकाला तुटते, जिथे तिला जाड वायरीचा डाख दिलेला असतो. कुणी नळकामाचं आम्ल असलेलं फ्लक्स वापरलं असेल, किंवा वर्षानुवर्षं घाम झिरपला असेल, तर तांबं हिरवं पडून तुटतं. बाहेरचं टोक तुटलं असेल तर नशीब चांगलं. वरची पट्टी अलगद सोडवायची, एक-दोन फेरे उलगडायचे, नव्याने डाख द्यायचा. दहा हजारांच्या आसपास फेऱ्यांमधले दोन गेल्याने आवाजाला काही होत नाही. तारेवरचं इनॅमल जुन्या पद्धतीचं, तपकिरी काळपट असेल तर ते अगदी बारीक पॉलिश पेपरने खरवडावं लागतं. नव्या प्रकारचं डाखाच्या उष्णतेनेच वितळतं. भिंगाची आणि शांत हाताची सवय नसेल तर हे काम पिकअप गुंडाळणाऱ्या कारागिराला द्या. आतलं टोक, चुंबकांना लागून असलेलं, गंजलेल्या चुंबकामुळे तुटलं असेल तर मात्र पूर्ण गुंडाळी नव्याने करावी लागते.

तशी वेळ आली तर कारागिराला तीन गोष्टी लिहून द्या. मूळ बॉबिन (ज्यावर तार गुंडाळतात तो साचा) आणि मूळ चुंबक तेच ठेवायचे, चुंबकांची दिशा फिरवायची नाही. तार त्याच गेजची, त्याच दिशेने. आणि लक्ष्य ओहमचं नाही, फेऱ्यांचं ठेवायचं, कारण नव्या तारेची जाडी किंचित वेगळी असली तर तोच ओहमचा आकडा वेगळ्या आवाजाचा निघतो. काढण्याआधी पिकअपची उंची मोजून ठेवा. परत बसवताना मी तारांपासून साधारण 3 मिलिमीटरवर सुरुवात करते, जाड तारांच्या बाजूला थोडं जास्त. खूप जवळ आणलं तर चुंबक तारेलाच ओढतो, स्वर डगमगतो आणि लांबायच्या आधी विरतो. पेडल स्टीलचं सगळं मोल त्या लांबणाऱ्या स्वरात आहे.

प्रश्न : आमच्या घरी आईची सहा तारांची इलेक्ट्रिक हवाईयन गिटार आहे, बरीच जुनी. आई तिच्यावर भावगीतं वाजवायची. मी आता शिकतेय. नवा ॲम्प घेतला, पण सतत ‘घूं’ असा आवाज येतो. तारांवर हात ठेवला की तो कमी होतो. अधूनमधून तारांना बोट लागलं की झिणझिण्या येतात. नव्या तारा घातल्या, त्यांतल्या जाड तारा फारच हळू वाजतात. पिकअप खराब आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : झिणझिण्यांचं आधी बोलू. आज, हे वाचून झाल्यावर, त्या प्लगवरून ती गिटार वाजवू नका. ही पिकअपची तक्रार नाही, घरच्या अर्थिंगची आहे. तुमच्या ॲम्पच्या सॉकेटमधलं अर्थिंग तुटलेलं असावं, किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जुन्या सॉकेटमध्ये ॲडॅप्टर लावून घातलेला असावा. मग ॲम्पच्या पत्र्यावर साठणारा थोडासा प्रवाह जायला वाट मिळत नाही, तो केबलच्या जाळीतून तारांवर येतो आणि तुमच्यातून जमिनीत जातो. झिणझिण्या म्हणजे थोडक्यात निभावलंय. परवानाधारक वायरमन बोलावून सॉकेटचं अर्थिंग मोजून घ्या. ॲम्पच्या प्लगची तिसरी पिन कुणी कापायला सांगितली तर ऐकू नका. अशा कापलेल्या पिनेमुळे 230 व्होल्ट थेट तारांवर आल्याची उदाहरणं जगभर आहेत, आणि हवाईयन गिटार वाजवणाऱ्याच्या हातात तर पोलादाची दांडी असते.

अर्थिंग नीट झाल्यावर घूं आवाजातला निम्मा भाग आपोआप जाईल अशी माझी अपेक्षा आहे. हात ठेवल्यावर तो कमी होतो ही चांगली खूण आहे. याचा अर्थ ब्रिजपासून जॅकपर्यंतची अर्थची वायर जाग्यावर आहे. हात ठेवल्यावर आवाज वाढला असता तर ती तुटली आहे किंवा जॅकवर दोन वायरींची अदलाबदल झाली आहे असं मी म्हटलं असतं. उरलेला आवाज सिंगल कॉइलचा स्वभाव आहे. आपल्या विजेची वारंवारता 50 हर्ट्झ, तिची गुणगुण कॉइल उचलणारच. जुन्या ट्यूबलाइटचा चोक, पंख्याचा रेग्युलेटर, फोनचा चार्जर, सगळे त्यात भर घालतात. ट्यूबलाइट बंद करून बघा. मग गिटार मांडीवर तशीच ठेवून स्वतः हळूहळू वळत जा. एका दिशेला गुणगुण अगदी मंद होईल. खुर्ची तिथेच मांडा.

जाड तारांचं उत्तर सोपं आहे. तुम्हाला दुकानात साध्या लाकडी गिटारीच्या ब्रॉन्झच्या तारा दिल्या असणार. पिकअपला लोखंड लागतं. ब्रॉन्झचं वेष्टन त्याच्या लेखी नसल्यासारखंच, आतला पोलादी गाभा तेवढा त्याला जाणवतो. निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादी वेष्टनाच्या, इलेक्ट्रिक गिटारीच्या तारा मागून घ्या, त्याही जाड गेजच्या, कारण हवाईयन गिटारीवर तार उंच असते आणि दांडीचं वजन तिच्यावर येतं.

आणि ही गिटार जपा. 1940 च्या दशकात हवाईयन गिटारवादक ताऊ मो कोलकात्यात राहिले, शिकवत आणि वाजवत होते; तिथून हे वाद्य घराघरांत गेलं. मुंबईच्या चित्रपटसंगीतात व्हॅन शिप्ली यांनी ते लोकांच्या कानावर घातलं. महाराष्ट्रात कितीतरी घरांत माळ्यावर अशी एखादी गिटार आहे, आणि तिच्यातलं पिकअप कुठल्या कारागिराने हाताने गुंडाळलंय हे सांगणारं कुणी उरलेलं नाही. तिचा ओहमचा आकडा आज, ती चालू असताना, मोजून पेटीच्या झाकणावर आतून लिहून ठेवा. पुढे कधी बिघडली तर दुरुस्त करणाऱ्याला तो एक आकडा फार उपयोगी पडेल.

प्रश्न : माझ्या लॅप स्टीलचं (मांडीवर ठेवून वाजवायच्या स्टील गिटारीचं) पिकअप नव्याने गुंडाळून घेतलं. आवाज छान आहे, पण ॲम्प मोठा केला की शिटी वाजते, आणि पिकअपवर नख आपटलं तरी स्पीकरमधून ठक असं ऐकू येतं. मित्र म्हणतो घरी मेण वितळवून त्यात बुडव. बुडवू का?
— एक वाचक, टोरांटो

उत्तर : मित्राचं निदान बरोबर आहे. गुंडाळी सैल राहिली की फेरे स्वतःच थरथरतात आणि पिकअप मायक्रोफोनसारखं वागायला लागतं. मेणाने ते फेरे बांधले जातात. पण ज्याने गुंडाळलंय त्याच्याकडेच आधी परत न्या, हे त्याचंच राहिलेलं काम आहे.

स्वतः करणारच असाल तर पॅराफिन आणि मधमाश्यांचं मेण, साधारण चारास एक, आणि भांडं पाण्याच्या भांड्यात ठेवलेलं. थेट आचेवर मेण कधीच नाही. ते पेट घेतं आणि त्यावर पाणी टाकलं तर भडका उडतो. विजेची शेगडी वापरा, गॅस नको. थर्मामीटर पाहिजेच. 60 ते 65 अंश सेल्सिअस पुरे, 70 च्या वर गेलात तर बॉबिन वाकायला लागेल. पिकअप लटकतं सोडा, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत, म्हणजे वीसेक मिनिटं. मायक्रोवेव्ह किंवा ओव्हनचा विचारही करू नका. बाहेर काढल्यावर वरचं मेण कोमट असतानाच मऊ कापडाने पुसा, चुंबकांची डोकी स्वच्छ करा, आणि पूर्ण थंड झाल्यावरच ओहम मोजा. गरम असताना आकडा चढलेला दिसेल, त्याने घाबरू नका.